उपमहाराष्ट्र केसरी : गदा नसलेला किताब

आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या पब्लिकला डब्ल्यूडब्ल्यूईचा प्रत्येक बेल्ट पाठ आहे. कोणता बेल्ट कोणाकडे आहे, त्याने तो कोणाला हरवून घेतला, किती दिवस ठेवला, सगळं तोंडपाठ! (हीच मंडळी व्हायवाला ओहमचा नियम विसरतात, पण तो विषय वेगळा.) मात्र ज्या गावात आपण चार वर्षं काढतो त्या कोल्हापूरच्या कुस्तीतले किताब विचारले, की आपली गाडी ‘महाराष्ट्र केसरी’ आणि ‘हिंद केसरी’ या दोन स्टेशनांवर थांबते. मी तर कॉन्व्हेंटवाला, त्यातून ठाण्याचा. इथे येईपर्यंत शड्डू ठोकणे म्हणजे काय हेसुद्धा मला कोणी सांगितलं नव्हतं.

हा लेख त्या दोन मोठ्या किताबांवर नाही. त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते महाराष्ट्र केसरीच्या सावलीत उभ्या असलेल्या किताबावर : उपमहाराष्ट्र केसरी. फायनल हरलेल्या पैलवानाला मिळतो तो.

आधी बेल्टवाल्यांसाठी थोडं. अमेरिका, जपान, इंग्लंड इथल्या प्रो-रेसलिंगमध्ये, मग ती मोठी कंपनी असो की एखाद्या हॉलमध्ये शो करणारी छोटी स्वतंत्र मंडळी, मुख्य बेल्टच्या खाली बहुधा एक दुय्यम बेल्ट असतो. डब्ल्यूडब्ल्यूईचा इंटरकॉन्टिनेंटल हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. तो १९७९ मध्ये सुरू झाला आणि पहिला मानकरी पॅट पॅटरसन. त्याने तो रिओ दि जानेरोच्या स्पर्धेत जिंकला असं जाहीर झालं. गंमत म्हणजे अशी स्पर्धा रिओत कधी झालीच नव्हती! कथा रचली, बेल्ट तयार झाला, आणि पुढे चाळीसहून जास्त वर्षं लोक त्यासाठी रिंगमध्ये उतरत राहिले. म्हणजे तिकडे दुय्यम किताब आधी बनवतात, त्याला स्वतःचा पट्टा असतो, तो जिंकावा लागतो आणि राखावाही लागतो.

आपल्याकडे सगळंच उलटं. उपमहाराष्ट्र केसरीसाठी कोणी लढत नाही. तो जिंकताच येत नाही, शेवटची कुस्ती हरूनच मिळतो. त्याची गदा नसते. मानाची चांदीची गदा एकच, ती मोहोळ कुटुंबीयांकडून मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाते आणि ती विजेत्याच्या खांद्यावर जाते. पुढच्या वर्षी किताब राखायचा प्रश्नही नाही, पुन्हा शून्यापासून सुरुवात. मग हा किताब म्हणजे नुसतं सांत्वन का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण स्पर्धेची रचना नीट पाहिली आणि मत बदललं.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ ची. तिच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी हा किताब १९६१ पासून द्यायला लागले. त्या वर्षी अधिवेशन औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) होतं आणि पहिले मानकरी दिनकर दह्यारी. तेव्हापासूनची यादी सलग नाही बरं का, मधे काही वर्षांपुढे नावच नाही. ज्या वर्षी केसरी नाही त्या वर्षी उपकेसरीही नाही, हे ओघाने आलंच.

आता मुद्द्याची गोष्ट. सध्याच्या पद्धतीत महाराष्ट्र केसरी गटात (८६ ते १२५ किलो) दोन वेगळे विभाग असतात, माती आणि गादी. गादी म्हणजे आपण ज्याला मॅट म्हणतो ती. मातीवाले मातीवाल्यांशी लढतात, गादीवाले गादीवाल्यांशी. दोन्ही विभागांचे विजेते ठरले की ते दोघं एकमेकांसमोर येतात आणि ही शेवटची कुस्ती गादीवर होते. म्हणजे फायनलला उभे राहणारे दोघंही आधीच विजेते असतात! एक राज्याचा माती विजेता, दुसरा राज्याचा गादी विजेता. जो हरतो तो काही तासांपूर्वी आपल्या विभागात सगळ्यांना लोळवून आलेला असतो. उपमहाराष्ट्र केसरी म्हणजे खरं तर अर्ध्या महाराष्ट्राचा केसरी.

आणि हरणारा जर मातीवाला असेल तर तो दुसऱ्याच्या घरात हरलेला असतो. ज्यांनी दोन्ही पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : आखाड्यातली तांबडी माती ताक, लिंबू, तेल, हळद घालून मळलेली असते. ती अंगाला धरते, पाय रुतवते, चाल थोडी मंदावते. ताकद आणि दम यांचा तिथे कस लागतो. गादीवर पायात बूट, झटपट हालचाल, तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड आणि प्रत्येक गोष्टीला गुण. रेषेबाहेर पाय गेला तरी गुण जातो. गावच्या मैदानात अजून ‘निकाली’ कुस्तीला मान आहे, पाठ लागली तरच संपली. तिथे वाढलेल्या पोराला गुणांचं गणित शिकणं म्हणजे आपल्याला अचानक इंग्लिश मीडियममधून मराठी निबंधाला बसवण्यासारखं आहे. (हे मी अनुभवाने सांगतोय.)

इंजिनिअरिंगची मुलं आहोत, तर थोडं गणित. नॉकआउट स्पर्धेत ३२ जण असतील आणि ड्रॉ चिठ्ठ्या टाकून काढला, तर खरा दोन नंबरचा पैलवान पहिल्याच्या विरुद्ध अर्ध्या भागात पडायची शक्यता ३१ पैकी १६. म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त. उरलेल्या वेळी तो फायनलच्या आधीच पहिल्या नंबरवाल्याच्या हातून बाद होतो आणि ‘उप’ दुसऱ्याच कोणाच्या नावावर लागतो. आपल्याकडे तर चिठ्ठ्यांचाही प्रश्न नाही, माती की गादी हे पैलवान आणि वस्ताद आधीच ठरवून येतात. त्यामुळे ‘उप’ म्हणजे राज्यातला दोन नंबरचा पैलवान असं कोणी म्हणालं तर ते शास्त्राला धरून नाही. दोन नंबरचा कदाचित सेमीफायनलला हरून गाडीत बसला असेल.

याचं ताजं उदाहरण पाहा. जानेवारी २०२३, पुणे, कोथरूड. माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची कुस्ती झाली. महेंद्रला एका टांगेवर चार गुण दिले, त्यावरून प्रचंड वाद झाला. सिकंदर बाहेर, महेंद्र फायनलला. तिथे गादी विभागाच्या शिवराज राक्षेने त्याला मिनिटाच्या आत चितपट केलं. शिवराज महाराष्ट्र केसरी, महेंद्र उपमहाराष्ट्र केसरी. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला पुन्हा स्पर्धा. या वेळी मातीतून सिकंदर आला आणि त्याने फायनलला शिवराजलाच अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर आसमान दाखवलं. सिकंदर घडला तो आपल्या इथल्या गंगावेश तालमीत, त्यामुळे त्या रात्री कोल्हापुरात काय झालं असेल ते सांगायला नको. म्हणजे हिशेब असा : जानेवारीत ज्याला ‘उप’सुद्धा मिळालं नाही तो नोव्हेंबरात केसरी, आणि जानेवारीचा केसरी नोव्हेंबरात उप! दहा महिन्यांत.

माणसाच्या बाजूने पाहिलं तर अभिजित कटकेची गोष्ट मला सगळ्यात आवडते. २०१६ ला पुण्यात वारज्याला विजय चौधरीकडून फायनल हरला : उप. २०१७ ला भूगावला किरण भगतला हरवलं : केसरी. २०१८ ला जालन्यात बाला रफिक शेखकडून हरला : परत उप. हा बाला रफिक आपल्याच न्यू मोतीबाग तालमीत, गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली काही वर्षं घडलेला. आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरात गेले, शिष्याची गदा बघायला राहिले नाहीत. आणि कटके? जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादला तो हिंद केसरी झाला. दोन ‘उप’, एक केसरी, एक हिंद केसरी. असा निकाल आपल्या मार्कशीटवर असता तर घरी काय बोललो असतो कोण जाणे.

जानेवारी २०२० ची बालेवाडीची फायनल तर वेगळीच होती. गादीकडून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, मातीकडून लातूरचा शैलेश शेळके. दोघंही पुण्यात काका पवारांच्या तालमीतले! एकाच आखाड्यात रोज एकमेकांशी लढत करणारे. कोण कुठला डाव मारणार हे दोघांनाही माहीत, त्यामुळे कुस्ती ३-२ अशी अगदी काट्यावर गेली. हर्षवर्धन जिंकला आणि जिंकल्यावर त्याने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. गदा मिळायच्या आधी खांद्यावर ‘उप’ बसला. हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं शैलेशच जिंकलाय.

सगळेच असे हसत हरत नाहीत. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला काय झालं ते तुम्ही मोबाईलवर पाहिलंच असेल. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध आपली पाठ लागलीच नव्हती असं म्हणत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. मग फायनलला महेंद्र गायकवाड (मातीकडून परत तोच!) एका गुणाच्या वादावरून काही सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचांना लाथ मारणं चूकच, त्यात दोन मतं नकोत. पण महेंद्रचा विचार करा. दोन वर्षांत दुसऱ्यांदा अगदी गदेजवळ जाऊन परत यायचं. दुसऱ्यांदा ‘उप’ म्हणवून घेण्यापेक्षा निघून गेलेलं बरं असं त्या क्षणी त्याला वाटलं असेल तर मला ते समजतं. मान्य नाही, पण समजतं.

बक्षिसांचंही बोलू. कोथरूडला विजेत्याला थार गाडी आणि रोख ५ लाख, उपविजेत्याला ट्रॅक्टर आणि अडीच लाख. आमच्या रूमवर यावर खूप चर्चा झाली. मेकॅनिकलवाल्यांचं मत ट्रॅक्टरच्या बाजूने पडलं : टॉर्क जास्त, रीसेल चांगली, आणि पैलवान शेतकऱ्याचाच मुलगा असतो, थार घेऊन तो उसाच्या फडात काय करणार? विनोद सोडा, पण खरा फरक गाडीत नाही, पुढच्या आयुष्यात आहे. विजय चौधरीने सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी मारली आणि सरकारने त्याला थेट पोलिस उपअधीक्षक केलं. सलग तीन वर्षं ‘उप’ होणाऱ्याला अशी नोकरी दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग ‘उप’चा उपयोग काय? याचं उत्तर मला आमच्या मेसच्या मामांनी दिलं. मामा तरुणपणी जत्रांच्या मैदानात लढायचे. गुडघा गेला तेव्हा कुस्ती सुटली. कान अजून फुललेले आहेत, त्यावरून ओळखू येतं. मी त्यांना म्हटलं, “मामा, उपमहाराष्ट्र केसरीला काय मिळतं हो?” मामा पोळी लाटता लाटता म्हणाले, “नंबर मिळतो, बाळा. पोस्टरवरचा.”

हे पोस्टर प्रकरण समजून घ्या. आपल्या भागात यात्रेच्या मैदानाचं पोस्टर लागतं त्यावर कुस्त्या क्रमाने छापतात. एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, तीन नंबरची, आणि तळाला ‘याशिवाय अनेक चटकदार कुस्त्या’. एक नंबर सगळ्यात शेवटी, अंधार पडता पडता लागते. तोवर हलगी वाजत असते आणि बारकी पोरं, मग कुमार, मग मोठे असा क्रम चालतो. प्रत्येक नंबराची बिदागी वेगळी, ती आयोजक आधीच ठरवतात. नंबर कशावरून ठरतो? नावापुढच्या किताबावरून. सीझनला एखादा पैलवान अशी कितीतरी मैदानं करतो आणि वर्षभराच्या दूध-तूप-बदामाचा खुराक त्यातूनच भागतो. मामांच्या भाषेत, “किताब नसला तर पैलवान चार नंबरला कुजतो. उप लागलं की दोन नंबरला तरी उभा ऱ्हातो. समोर केसरी मिळाला तर एक नंबरला.” म्हणजे गदा नसली तरी ‘उप’ हे एक प्रकारचं लायसन्स आहे. खाजगी मैदानांचा सगळा बाजार त्यावर चालतो, आणि माझ्या मते आपल्याकडची खरी ‘इंडिपेंडंट प्रोफेशनल रेसलिंग’ हीच आहे. फक्त इथे निकाल आधी ठरलेला नसतो, निदान नसावा अशी सगळ्यांची इच्छा असते!

पोस्टरवर एक गंमत मात्र दिसते. किताबांची महागाई फार वाढली आहे. महापौर केसरी, कामगार केसरी, कुमार केसरी, अमुक तालुका केसरी, तमुक साहेब केसरी... एकाच पोस्टरवर सात-आठ केसरी मोजलेत मी. या गर्दीत ‘उपमहाराष्ट्र केसरी’ हा शब्द कसा वाचायचा ते कळलं पाहिजे. त्यातला ‘उप’ लहान आहे, पण ‘महाराष्ट्र’ खरा आहे.

कोल्हापूरला तसा दुसऱ्या-तिसऱ्या नंबराचा तिटकारा कधी नव्हता असं मला वाटतं. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव तिसरे आले. ते आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, आणि त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. तिसऱ्या नंबराची ती मिरवणूक शंभरावर बैलगाड्यांची निघाली. मोतीबाग तालमीचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी, पण देशाबाहेरची त्यांची मोठी कमाई म्हणजे १९७४ च्या ख्राइस्टचर्च कॉमनवेल्थमधलं रौप्य. तिकडे दुसऱ्याला ‘सिल्व्हर’ असा छान शब्द आहे, गळ्यात घालायला पदक आहे, उभं राहायला पायरी आहे. आपल्या अधिवेशनात दुसऱ्याला पायरी नाही. विजेत्याला कार्यकर्ते खांद्यावर घेतात, त्या गर्दीत दुसरा कुठे जातो ते कॅमेऱ्यात येत नाही. निदान त्याच्या हातात काहीतरी द्या. छोटी का होईना, गदाच द्या.

कोल्हापूर जिल्ह्याने महाराष्ट्र केसरीसाठीही बरीच वाट पाहिली. दादूंचा मुलगा विनोद चौगुले २००० ला जिंकला, त्यानंतर थेट एप्रिल २०२२ ला साताऱ्यात पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याचा पृथ्वीराज पाटील. मागे पडलेला असताना त्याने विशाल बनकरला ५-४ असं हरवलं. एका गुणाने एक जण इतिहासात गेला आणि दुसरा ‘उप’ झाला.

त्यानंतर गोष्टी आणखी गुंतागुंतीच्या झाल्या. कुस्तीच्या संघटनांच्या भांडणात स्पर्धाच दोन झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला एक आणि धाराशिवला एक. २०२५ मध्ये अहिल्यानगरनंतर मार्चअखेर कर्जतला आणखी एक. म्हणजे एका वर्षात दोन महाराष्ट्र केसरी आणि दोन उपमहाराष्ट्र केसरी. कर्जतला सोलापूरच्या वेताळ शेळकेने फायनल मारली आणि हरला कोण, तर आपला पृथ्वीराज पाटील. आता त्याच्या नावापुढे पोस्टरवाल्यांनी काय छापायचं? मामांना विचारलं तर ते म्हणाले, “मोठं असंल ते छापायचं. बारकं आपोआप गळतं.”

मुलींकडे मात्र गोष्ट आत्ताच सुरू झाली आहे. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा मार्च २०२३ ला सांगलीत झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिली गदा घेतली. वैष्णवी त्या यादीतली पहिली ‘उप’. तिने पुढे काय केलं ते आपल्या लेडीज हॉस्टेलमध्येही कोणाला माहीत नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवतो : २०२५ च्या जागतिक कुस्ती स्पर्धेला झाग्रेबला भारताचा जो संघ गेला, त्यात ६५ किलो गटात वैष्णवी पाटील होती.